मामाजींचा घसा: आधी कॅन्सरची धास्ती, मग टीबीच्या गोळ्या, शेवटी निघाली बुरशी

पळसफूल | रविवार, रात्री ९.४०

महिनाभर लिहू लिहू म्हणत होते. आज मामाजींनी जेवताना अर्धी भाकरी वरून मागून घेतली, म्हणून आता लिहायला बसले. (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगितलं.)

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कपाशी आणि तूर घेणारे. मामाजी ६३ वर्षांचे, दहा वर्षांपासून शुगर आहे. गुडघे आणि मनगटं धरायची म्हणून आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून दुखण्याच्या पुड्या आणायचे. पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी डवऱ्यामागे उभे. मग घरात शंका कोण घेणार? तीन वर्षं हे चाललं. चेहरा भरला, गोल झाला. आम्ही म्हणायचो, तब्येत सुधारली. हाताला जरा लागलं की कातडी काळी-निळी व्हायची, त्याकडे कुणी पाहिलं नाही.

दिवाळीनंतर आवाज बसला. थंडीचा असेल म्हणून हळद-दूध झालं, काढा झाला, दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. पौष उजाडला तरी आवाज फुटेना आणि आता गिळताना कानापर्यंत कळ जायला लागली. जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बीण घालून पाहिलं. पडजिभेच्या खाली, श्वासनळीच्या झाकणावर चट्टा आणि वाढलेलं मांस. पहिलाच प्रश्न, "खर्रा खाता का?" मामाजी वीस वर्षं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातात. डॉक्टर पुढे काही बोलले नाहीत, पण बाहेर बाकावर बसलेल्या आत्याबाईंनी माझ्या हाताला अशी चिमटी लावली की वळ उठला.

तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही आला. "जुनाट दाह, टीबीशी जुळणारा" असं आलं. टीबीचे जंतू मात्र कुठेच दिसले नव्हते, थुंकीतही नाही. तरी गोळ्या सुरू झाल्या. आम्हाला तर आनंदच झाला, कॅन्सर नाही ना! दोन महिने मामाजींनी एक दिवस न चुकवता गोळ्या घेतल्या. आवाज आला नाही. उलट माणूस खाटेला लागला. उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी, सकाळी उलट्या, वजन ५८ वरून ४६ किलो. आम्ही समजलो, गोळ्या गरम पडल्या.

मार्चच्या शेवटी आमच्या ह्यांनी कर्ज काढून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीच्या आधी दोन गोष्टी विचारल्या. दुखण्यावर काय घेता? आणि घरात, गोठ्यात, विहिरीत वटवाघळं किंवा कबुतरं आहेत का? मी पिशवीतली पुडी काढून दाखवली. तिच्यातून स्टेरॉइड जात होतं, हे तिथेच कळलं. वटवाघळांचं आत्याबाईंनी सांगितलं. आमचं जुनं कवेलूचं घर आहे, मामाजींनीच पावसाळ्याआधी त्याचा माळा साफ केला होता आणि ती काळी विष्ठा खत म्हणून मिरचीच्या वाफ्यात टाकली होती. बाई ऐकत होत्या आणि लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "पहिल्या तुकड्यात बुरशी शोधली होती का?" आम्हाला काय माहीत!

पुन्हा तुकडा काढला. या वेळी दोन बाटल्या माझ्याच हातात दिल्या, एक एका खिडकीवर द्यायची, दुसरी दुसऱ्या. एकीत फॉर्मेलिन होतं, झाकण लावलेलं असूनही नाकाला झोंबत होतं. दुसरीत नुसतं सलाईन, आणि तळाशी तांदळाच्या कणीएवढा पांढुरका तुकडा. त्या कणीसाठी मी जिन्यात दोनदा थांबले, सांडेल म्हणून.

पाचव्या दिवशी नाव कळलं: हिस्टोप्लाझ्मा. बुरशी आहे. पोटाच्या सीटीत दोन्ही मूत्रपिंडांवरच्या, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या दिसल्या. अंधारी आणि उलट्या तिथून येत होत्या. आणि टीबीच्या गोळ्यांतलं रिफॅम्पिसिन शरीरातलं उरलंसुरलं स्टेरॉइड लवकर संपवत होतं, म्हणून त्या दोन महिन्यांत ते जास्त खचले. एचआयव्हीची तपासणीही झाली, लागण नव्हती.

दोन आठवडे सलाईनमधून अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध, आता बुरशीसाठीच इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल. निदान वर्षभर घ्यायच्या आहेत. पाच महिने होत आलेत. आवाज घोगरा आहे, पण आहे.

माझी कळकळीची विनंती एवढीच. घरात शुगर, स्टेरॉइड, केमो, एचआयव्ही, किडनी बदललेली असं काही असेल आणि घसा बरा होत नसेल, तर तुकडा काढताना विचारा: बुरशीसाठी वेगळी बाटली पाठवणार का? हा प्रश्न आम्हाला जानेवारीत माहीत असता तर कॅन्सर नाही म्हणून आम्ही निर्धास्त झालो नसतो. इथे डॉक्टर, लॅबवाले असतील तर भर घाला. माझं काही चुकलं असेल तर दुरुस्त करा.

कोरडवाहू | रविवार, रात्री १०.२५

ताई, वाचून अंगावर काटा आला. माया मोठ्या भावाले २०२१ च्या एप्रिलात कोरोना झाला. शुगर होतीच. स्टेरॉइड देल्लं त शुगर ४०० च्या वर गेली. बरा होऊन घरी आला अन् चौथ्या दिवशी म्हणे गाल बधिर झाला, दात हालून रायले. आमाले वाटलं दाताचं दुखणं. वैनीनं टॉर्च लावून तोंडात पाह्यलं त टाळूवर काळा डाग, कोयशासारखा. तिनं तो डाग पाह्यला म्हणून माया भाऊ आज हाये. त्याच रात्री नागपूरले नेलं. म्युकर होतं, काळी बुरशी.

अर्धा वरचा जबडा काढला. इंजेक्शनसाठी आमी चार दिवस नागपुरातली सारी दुकानं फिरलो. तवा एका इंजेक्शनचे सात-सात हजार घेत होते अन् तेही भेटत नोतं. मे महिना संपता संपता वर्ध्याच्याच एका कंपनीत अँफोटेरिसिन तयार व्हाले लागलं, १२०० रुपयाले, तवा कुठं जिवात जीव आला. आता भाऊ टाळूले प्लेट लावून जेवते, बोलते. प्लेट काढली की पाणी नाकातून येते. सांगाचं हेच की शुगरवाल्याच्या तोंडात काळं दिसलं त सकाळ होऊ देऊ नका.

काननाकघसा | सोमवार, सकाळी ७.१०

पळसफूलताई, तुम्ही लिहिलंय त्यात चुकीचं काही नाही. मी विदर्भातच कान-नाक-घसा विभागात काम करतो. थोडी भर घालतो. इथे कुणाला औषध सांगणार नाही, तपासल्याशिवाय ते बरोबर नाही.

घशातली सगळ्यात जास्त दिसणारी बुरशी म्हणजे कँडिडा. जिभेवर, गालाच्या आत दह्याच्या साईसारखा पांढरा थर. कापसाने पुसला तर निघतो आणि खाली लाल, कधी रक्ताळलेली त्वचा दिसते. खर्ऱ्यामुळे येणारा पांढरा चट्टा पुसून निघत नाही. घरी पाहताना हा फरक उपयोगी आहे, पण न निघणारा चट्टा घेऊन घरी बसू नका, तो कॅन्सरची पूर्वअवस्था असू शकतो. कँडिडा अन्ननलिकेत उतरला की छातीच्या हाडामागे घास अडकल्यासारखं वाटतं.

कोरडवाहू भाऊंनी लिहिलेला म्युकर दिवसांत पसरतो. रक्तवाहिन्यांत घुसून रक्तपुरवठा तोडतो, म्हणून भाग काळा पडतो. तो मेलेला भाग काढावाच लागतो, कारण रक्तच पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही. तुमच्या वहिनींनी टॉर्च लावला हे फार मोठं काम झालं.

हिस्टोप्लाझ्मा उलटा आहे, महिनोन्‌महिने घेतो. आपल्याकडे त्याच्या नोंदी गंगेच्या खोऱ्यात, बंगालकडे जास्त आहेत, पण इतर राज्यांतूनही रुग्ण सापडतात. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत तो वाढतो, धुळीबरोबर फुप्फुसात जातो. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा कळतही नाही. प्रतिकारशक्ती खाली गेली की तो रक्तातून पसरतो आणि जीभ, स्वरयंत्र, ॲड्रिनल, यकृत, अस्थिमज्जा असा कुठेही बसतो. मामाजींना तो त्या माळ्यावरूनच आला असं छातीठोक सांगता येणार नाही. जुना संसर्ग वर्षानुवर्षं झोपून राहून नंतर उठू शकतो.

टीबीशी गल्लत होते यात नवल नाही. हा आजार पहिल्यांदा सापडला तोच असा. पनामा कालव्याच्या कामावरचा मार्टिनिक बेटाचा एक सुतार दगावला होता आणि सगळ्यांना वाटलं होतं अंगभर पसरलेला टीबी. डॉ. सॅम्युअल डार्लिंग यांनी शवविच्छेदनात वेगळंच काही पाहिलं आणि १९०६ मध्ये ते छापलं. त्यांनाही ते काळा आजारासारखं परजीवी वाटलं होतं. ती बुरशी आहे हे पुढे इतरांनी दाखवलं. कॅन्सरशीही गल्लत होते: बुरशीभोवतीची वरची त्वचा इतकी जाड आणि वेडीवाकडी वाढते की वरवरचा तुकडा घेतला तर सूक्ष्मदर्शकाखालीही फसायला होतं.

स्वरयंत्रावर क्रिप्टोकॉकस आणि ॲस्परजिलस या बुरशीसुद्धा बसतात. क्वचित, पण बसतात. दम्याचा स्टेरॉइड पंप वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत असे रुग्ण नोंदलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्यांदा धोकादायक बुरशींची यादी काढली. क्रिप्टोकॉकस, ॲस्परजिलस आणि कँडिडा सगळ्यात वरच्या गटात आहेत, हिस्टोप्लाझ्मा आणि म्युकर त्याच्या खालच्या.

आपल्या भागाची एक अडचण सांगतो. खर्ऱ्यामुळे तोंडच उघडत नाही. तीन बोटं उभी जायला हवीत तिथे एक जात नाही. मग गावातले डॉक्टर घसा पाहणार कसा? अशा माणसाचा घसा नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहता येतो, पाच मिनिटांचं काम आहे. "तोंड उघडत नाही म्हणून पाहिलं नाही" असं कुणी म्हणालं तर दुर्बीण असलेल्या ठिकाणी जा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला, तर कुणीही असो, एकदा दुर्बिणीने पाहून घ्या.

पळसफूल | सोमवार, सकाळी ८.०५

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. मामाजींच्या तोंडातही दोनच बोटं जातात. पहिल्या ठिकाणी वरवरचा तुकडा घेतला होता की काय, हे आता विचारायलाही जागा नाही.

काचपट्टी | सोमवार, दुपारी १.३०

मी जिल्ह्याच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, बावीस वर्षं. ताईंनी दोन बाटल्यांबद्दल लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

फॉर्मेलिन मांस जसंच्या तसं टिकवतं, पण त्यात बुरशी मरते. मेलेली बुरशी कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये वाढवायला ठेवल्यावर, कशी उगवणार? आमच्याकडे अजूनही आठवड्यातून एकदा तरी चिठ्ठी येते "फंगल कल्चर करावे" आणि सोबतची बाटली फॉर्मेलिनची. आम्ही परत पाठवतो आणि तोवर रुग्ण गावी निघून गेलेला असतो. त्याला पुन्हा बोलवायचं म्हणजे पुन्हा भाडं, पुन्हा मजुरी बुडणं, पुन्हा घशात चिमटा. ही चूक आमच्या सगळ्या साखळीची आहे आणि ती टाळता येण्यासारखी आहे, म्हणून जास्त लागते.

सलाईनची बाटली निर्जंतुक हवी, तुकडा बुडेल एवढंच सलाईन हवं आणि ती तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवी. बर्फात घालू नका. चिठ्ठीवर शुगर, स्टेरॉइड, एचआयव्ही, वटवाघळं, जे असेल ते लिहून आणा. आम्हाला रुग्ण दिसत नाही, चिठ्ठीच दिसते. म्युकरची शंका लिहिलेली असेल तर आम्ही तुकडा कुटत नाही, बारीक चिरतो. कुटला तर त्याचे धागे तुटून मरतात आणि काही उगवत नाही. हिस्टोप्लाझ्माची शंका लिहिली असेल तर कल्चरची नळी आम्ही जपून, बंद कपाटात उघडतो, कारण नळीतली ती बुरशी श्वासातून आम्हालाच जाऊ शकते.

लवकर उत्तर हवं तर पोटॅशची काचपट्टी. तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की मांस विरघळतं आणि बुरशीचे धागे उरतात. म्युकरचे धागे रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटणारे. ॲस्परजिलसचे बारीक, मध्ये पडदे असलेले, झाडाच्या फांदीसारखे तिरपे. तासाभरात कळतं. हिस्टोप्लाझ्मा मात्र असा सापडत नाही. तो २ ते ४ मायक्रॉनचा ठिपका, पेशीच्या पोटात दाटीवाटीने बसलेला, तांबड्या रक्तपेशीच्या निम्म्याहून लहान. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात नजरेतून सुटतो. चांदीचा रंग दिला की हिरवट पार्श्वभूमीवर मोहरीसारखे काळे दाणे उठून दिसतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा सरांना हाक मारली आणि खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. त्या माणसाच्या फायलीवर आठ महिन्यांपासून टीबी लिहिलेलं होतं.

चांदीचा रंग महाग आहे, वेळ घेतो, कुणी मागितल्याशिवाय बहुतेक ठिकाणी करत नाहीत. म्हणून मागा. आणि कल्चर चार ते सहा आठवडे ठेवावं लागतं. आठ दिवसांत "काही उगवलं नाही" असा कागद मिळाला, तर तो शेवटचा समजू नका.

भाऊसाहेब | सोमवार, दुपारी ४.००

सगळं ठीक आहे, पण आपल्या बापजाद्यांनी घसा हळद, ज्येष्ठमध आणि मधावरच बरा केला. दवाखान्यात गेलं की नवीन नवीन नावं निघतात. आमच्या शेजारच्या गावात एक वैद्य पाला देतात, लोकांना गुण येतो.

पळसफूल | सोमवार, संध्याकाळी ६.४५

भाऊसाहेब, तुम्ही वडीलधारे आहात, तुमचा शब्द मोडायला लिहीत नाही. आम्हीही हळद-दुधानेच सुरुवात केली आणि साध्या घशाला आजही तेच करते. पण मध दिवसातून चार वेळा चाटवून मामाजींची शुगर आम्हीच वाढवली होती, आणि वाढलेली शुगर बुरशीच्याच पथ्यावर पडते. पाला ज्याला द्यायचा त्याला द्या, फक्त तीन आठवड्यांची मर्यादा पाळा आणि पाल्याबरोबर काही पूड किंवा गोळी देत असतील तर ती जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला. आमच्या पुडीतून स्टेरॉइड जात होतं हे आम्हाला दवाखान्यातच कळलं.

आणि एक, हे वाचून कुणी पुड्या उद्यापासून एकदम बंद करू नका. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. एकदम तोडलं तर बीपी पडून माणूस जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवावं लागतं. मामाजींच्या ग्रंथीच बिघडल्या आहेत, त्यांना अजून रोज थोडं हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे.

मोहफूल | सोमवार, रात्री ९.१५

मी पूर्व विदर्भात एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधांच्या) केंद्रावर समुपदेशक आहे. आमच्याकडे घसा हाच पुष्कळदा पहिला निरोप असतो. बाई येते, म्हणते वरण-भातसुद्धा गिळवत नाही, तिखट तर सोडूनच दिलं. तोंड उघडलं की पांढरा थर. आणि तिला स्वतःला एचआयव्ही आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

अन्ननलिकेतला कँडिडा हा एचआयव्हीच्या शेवटच्या टप्प्याच्या खुणांत मोजतात. ऐकायला भीतिदायक आहे, पण फ्लुकोनॅझोल सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत तीच बाई भाकरी मोडून खाते हे मी कितीदा पाहिलंय. घोटाळा पुढेच होतो. दुखणं थांबलं की गोळी थांबते. अन्ननलिकेतल्या कँडिडाचा कोर्स दोन ते तीन आठवड्यांचा असतो. तो पुरा करायचा आणि एआरटी सुरू ठेवायची, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच, आणि दर खेपेला बुरशी औषधाला जास्त सरावते. एआरटी सरकारी केंद्रावर २००४ पासून मोफत आहे. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) फार खाली असेल तर रक्तातून क्रिप्टोकॉकसची तपासणी करतात, तिला नाही म्हणू नका. तो घशापेक्षा मेंदूत जास्त जातो आणि डोकेदुखी सुरू व्हायच्या आधी पकडला तर जीव वाचतो.

दुसरं, एसटीत एचआयव्ही आणि सिकलसेलच्या रुग्णांना प्रवास सवलत आहे. कागद केंद्रावर करून मिळतो. पुष्कळ जण लाजेने मागत नाहीत, कंडक्टरला आजार कळेल म्हणून. मी त्यांना आग्रह करत नाही, पण तारीख चुकू नये म्हणून जिवाचा आटापिटा करते.

शेवंती | सोमवार, रात्री १०.००

एक विचारू का? हे एकमेकांना लागतं का? माझ्या काकांना घशात बुरशी सांगितली तर काकूंनी त्यांचं ताट, तांब्या वेगळा केला. काका तेव्हापासून ओसरीतच जेवतात. बघवत नाही.

काननाकघसा | मंगळवार, सकाळी ६.५०

शेवंतीताई, हिस्टोप्लाझ्मा, म्युकर, ॲस्परजिलस, क्रिप्टोकॉकस यांतलं काहीही एका ताटात जेवून, जवळ बसून लागत नाही. ते माती-हवेतून येतात. कँडिडा तर आपल्या सगळ्यांच्या तोंडात थोडाफार असतोच. काकांना आत घ्या, आजच. फक्त टीबीची शक्यता संपली आहे ना, एवढं त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, कारण स्वरयंत्राचा टीबी हवेतून पसरतो.

पळसफूल | मंगळवार, सकाळी ७.३०

शेवंती, आमच्याकडेही हे झालं. टीबी सांगितल्यावर आत्याबाईंनी मामाजींची खाट गोठ्याकडच्या खोलीत टाकली होती आणि माझ्या लेकाला तिकडे जाऊ देत नव्हत्या. बुरशी कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंना समोर बसवून सांगितलं. त्या घरी आल्या, काही बोलल्या नाहीत, ती खाट स्वतः ओढत आत आणली.

औषधवाला | मंगळवार, दुपारी २.२०

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. लोक येतात, "ती बुरशीची गोळी द्या", म्हणजे फ्लुकोनॅझोल १५०, एकच. खाज असो, नखं असोत की घसा, तीच. ती म्युकरवर काम करत नाही, ॲस्परजिलसवर करत नाही. एक गोळी घेऊन चार दिवस वाट पाहण्यात म्युकरवाल्याचा डोळा जातो. मी आता तोंडाचं दुखणं आणि शुगर एकत्र ऐकलं की गोळी देत नाही, आधी तोंड दाखवून या म्हणतो. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे.

शुगरवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड चालू असताना फ्लुकोनॅझोल घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, भोवळ आली तर पहिली शंका हीच घ्या. आणि ताई, इट्राकोनॅझोलबद्दल नीट सांगा सगळ्यांना. पोटात आम्ल असल्याशिवाय ती कॅप्सूल अंगी लागत नाही, आणि आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीत ॲसिडिटीची गोळी असतेच.

पळसफूल | मंगळवार, रात्री ८.५०

हो, ते लिहायचं राहिलंच. मामाजींची पँटोप्राझोल बंद केली. कॅप्सूल पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायची, मधल्या वेळी नाही. रिफॅम्पिसिन चालू असेल तर ती जवळजवळ वाया जाते, म्हणून टीबीच्या गोळ्या आधी थांबवल्या होत्या. पायावर सूज किंवा दम लागला तर लगेच कळवायला सांगितलंय. दर महिन्याला यकृताचं आणि पोटॅशियमचं रक्त. अँफोटेरिसिनच्या दिवसांत हुडहुडी इतकी भरायची की खाट हलायची, आणि पोटॅशियम पडून पायात गोळे यायचे. आधी सलाईन देऊन, रोज क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहून चालवलं. घाबरू नये म्हणून सांगते, ती हुडहुडी औषधाची असते, तासाभरात उतरते.

माळा आता आम्ही बंद केलाय. साफ करणाऱ्यांना सांगते, कोरडी विष्ठा झाडूने झाडू नका. आधी पाणी मारून भिजवा, तोंडाला चांगला मास्क बांधा आणि शुगर-स्टेरॉइडवाल्या माणसाला त्या कामाला लावूच नका. वटवाघळांना मारू नका, ती रात्रभर कीड खातात. संध्याकाळी उडून गेली की कवेलूखालची फट बुजवायची, पण पिल्लं असतील त्या दिवसांत नाही.

गवळण | बुधवार, सकाळी ९.३०

माझ्या आईला दमा आहे, सहा वर्षं पंप घेते. हे वाचून काल रात्री टॉर्च लावून पाहिलं तर टाळूवर पांढरे ठिपके. पुसले तर निघाले. पंप घेतल्यावर चूळ भरायची असते हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आता काय करू, पंप बंद करू का?

काननाकघसा | बुधवार, दुपारी १२.४०

नाही, पंप बंद करू नका, दमा उसळेल. पंपानंतर दर वेळी चूळ भरून थुंकायचं आणि गुळण्या करायच्या. पंपाला स्पेसर, म्हणजे ती प्लॅस्टिकची नळकांडी लावली की औषध घशात कमी बसतं, छातीत जास्त जातं. ठिपके जवळच्या दवाखान्यात दाखवा, लावायचं औषध साधं आहे. आवाजही बसला असेल तर मात्र दुर्बीण.

उमरी | बुधवार, रात्री ११.१०

ताई, माझ्या बहिणीला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, दीड वर्षापासून स्टेरॉइडवर. वय २६. पाच आठवडे झाले, आवाज नाही. तिकडे कॉलेजात शिकवते, फळ्यावर लिहून शिकवतेय. परवा नागपूरला तुकडा काढणार आहेत. आम्ही खेड्यातली माणसं, मोठ्या डॉक्टरांना बाटलीचं सांगितलं तर त्यांना राग नाही का येणार?

काचपट्टी | बुधवार, रात्री ११.३५

येणार नाही. असं म्हणा, "साहेब, ही स्टेरॉइडवर आहे, बुरशीच्या कल्चरला पण तुकडा जाईल ना?" तुकडा काढण्याच्या आधी म्हणा, नंतर नाही. टीबीचं कल्चरही त्याच सलाईनच्या तुकड्यातून होतं, तेही मागा. शक्यतो सकाळची वेळ घ्या, दुपारनंतर नमुना घेणारी खिडकी बंद होते आणि बाटली रात्रभर तशीच राहते.

पळसफूल | गुरुवार, पहाटे ५.२०

उमरी, मीही खेड्यातलीच आहे, राग कुणालाच आला नाही. तिच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घे, रिकामी असली तरी घे. जुन्या रिपोर्टांच्या झेरॉक्स दोन संच कर, एक तिथे ठेवून घेतात. बाटल्यांवर नाव, वय आणि कुठून तुकडा घेतला ते लिहिलंय ना, खिडकीवर देण्याआधी स्वतः वाच. आमच्या दुसऱ्या बाटलीवर "उजवा कान" लिहून आलं होतं, मी परत नेऊन बदलून घेतलं.

काय झालं ते शनिवारी इथेच लिही, मी पाहत राहीन.